काढ्यात मुरलेला चहा : पनवेलच्या घरगुती मसाला चहाचा पूर्वेतिहास

गाढी नदीच्या काठी आणि खाडीच्या टोकाशी वसलेल्या पनवेल शहरात आज घरोघर जो मसाल्याचा चहा उकळतो, त्याच्या पातेल्यात दोन निराळे इतिहास एकत्र आलेले आहेत. त्यांपैकी एक चहाच्या पानाचा आहे. हे पान आधी चीनमधून आणि पुढे आसामातून जहाज, बैलगाडी, आगगाडी व मोटार अशा वाहनांनी आले, आणि त्याच्यामागे बागायतदारांचे भांडवल, सरकारचा कर व जाहिरातदारांची खटपट होती. दुसरा इतिहास आले, सुंठ, वेलची, मिरी, तुळस आणि गवती चहा यांचा आहे. त्याला कोणा कंपनीचे पाठबळ नव्हते, तो फडताळातल्या डब्यांत, परसातल्या आळ्यात आणि वैद्याच्या खलात शतकानुशतके सांभाळला गेला. चहाविषयी लिहिणारे बहुधा पहिल्या इतिहासालाच सारी जागा देतात, आणि त्यामुळे घरातल्या चहाचे श्रेय विलायती मळेवाल्यांच्या पदरात पडते. पनवेलचा पुरावा पाहिला तर वेगळे चित्र दिसते: पत्ती बाहेरून आली हे खरे, परंतु ती पाण्यात व दुधात मसाल्यासह आटवून घेण्याची रीत या गावाच्या अगदी सरावाची होती.

पनवेलचे जुने महत्त्व त्याच्या वाटेमुळे होते. मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी होडीने खाडीतून पनवेलच्या बंदरास उतरे आणि तेथून बोरघाट चढून देशावर जाई. १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत बोरघाटातून चाकाच्या वाहनांना जाता येईल असा रस्ता खुला झाला, तेव्हा या वाटेवरची गाड्यांची वर्दळ वाढली. गाडीची चाके घडविण्याचा धंदा पनवेलात नावारूपास आला आणि घाटावरचे गाडीवान ती चाके येथून विकत नेऊ लागले. पुणे व खडकी येथील लष्करी छावण्यांचे विलायती सामान याच वाटेने चढत असे, आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या घरगुती सामानात चहा हा नित्याचा जिन्नस होता. तो चहा त्या काळी चीनचा असे. मुंबईचे पारशी व्यापारी कापूस व अफू घेऊन चीनकडे जात आणि परतताना रेशीम, साखर व चहा आणीत. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या चीनच्या पाच सफरी या व्यापाराच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत. तात्पर्य, पनवेलच्या धक्क्यावरून चहाची खोकी जाऊ लागली तेव्हा गावातील सामान्य घरांत चहाची चूल पेटण्यास अजून पुष्कळ अवकाश होता. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, वाहतूक कल्याण-कर्जत मार्गाने वळली, आणि पनवेल हे भात, मीठ व गाड्यांच्या चाकांचा बाजार म्हणून उरले.

चहा आणि मसाला यांचे नाते मात्र या सर्वांहून जुने आहे. १६३८ मध्ये सुरतेस आलेला जर्मन प्रवासी मांडेल्स्लो याने नोंदविले आहे की तेथे रोजच्या बैठकीत चहा घेतला जाई, आणि पोट साफ ठेवणारे औषध म्हणून देशी लोक, डच व इंग्रज असे सर्वच तो पीत. १६८९ च्या सुमारास सुरतेत राहिलेला इंग्रज पाद्री ओव्हिंग्टन त्याहून मोलाची माहिती देतो. चहाच्या पाण्यात काही उष्ण मसाला घालून तो उकळला असता डोकेदुखी, मुतखडा आणि पोटातली कळ यांवर गुणकारी ठरतो, अशी त्याची ख्याती असल्याचे तो लिहितो. हा मसाला कोणता, याचा खुलासा त्याने केलेला नाही. परंतु आसामात चहाचे झुडूप इंग्रजांच्या नजरेस पडण्यापूर्वी सव्वाशेहून अधिक वर्षे पश्चिम किनाऱ्यावर चहा मसाल्यासह उकळला जात होता आणि तो औषध म्हणून घेतला जात होता, एवढे या नोंदीवरून निर्विवाद ठरते. मसाला चहा ही विसाव्या शतकातील टपरीवाल्यांनी पत्ती वाचविण्यासाठी काढलेली युक्ती होय, हे वारंवार ऐकू येणारे विधान या एका नोंदीपुढे टिकत नाही. टपरीने त्याचा प्रसार केला, हे मात्र मान्य केले पाहिजे.

औषधाचा हा धागा पनवेलात विशेष घट्ट आहे. १८७२ मध्ये कृष्णशास्त्री पुराणिक यांनी येथे श्री धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना स्थापन केला, आणि पनवेल हे नाव महाराष्ट्रभर काढे, आसवे, चूर्णे व गुटिका यांच्याशी जोडले गेले. आयुर्वेदात वनस्पतीचा गुण पाण्यात उतरविण्याच्या ज्या रीती सांगितल्या आहेत, त्यांपैकी दोन येथे ध्यानात घेण्याजोग्या आहेत. ‘फांट’ म्हणजे कुटलेल्या द्रव्यावर उकळते पाणी ओतून, थोडा वेळ झाकून ठेवून, गाळून घेतलेले पेय. ‘क्वाथ’ म्हणजे ज्याला मराठीत काढा म्हणतात तो, द्रव्य पाण्यात घालून मंद आचेवर ठरावीक अंशापर्यंत आटविलेला अर्क. इंग्रजी पद्धतीचा चहा, म्हणजे किटलीतल्या पत्तीवर पाणी ओतून वरून टोपी घातलेला चहा, शास्त्राच्या भाषेत फांट होय. कोकणातील घरातला चहा हा क्वाथ आहे. याखेरीज ‘क्षीरपाक’ नावाची तिसरी रीत आहे, जिच्यात एक भाग द्रव्य, आठ भाग दूध आणि बत्तीस भाग पाणी एकत्र करून पाण्याचा अंश आटून केवळ दूध उरेपर्यंत उकळतात. द्रव्याचा तिखटपणा दुधात मुरून सौम्य व्हावा हा त्यामागील हेतू. आले-वेलची घालून दूधपाणी एकत्र आटविणाऱ्या गृहिणीच्या हातून जे घडते, ते क्षीरपाकाच्या इतके जवळचे आहे की तिला चहा करण्याची कृती कोणा प्रचारकाकडून शिकावी लागली असेल, असे मानणे कठीण आहे. साम्य म्हणजे वंशावळ नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. तथापि सर्दी-पडशाला सुंठ, मिरी आणि पिंपळी या ‘त्रिकटू’चा काढा, बाळंतिणीला सुंठ, पावसाळ्यात तुळस व गवती चहाचा उकाळा, ही ज्या घरांची परंपरा, त्या घरांनी नव्या पत्तीला जुन्याच पातेल्यात जागा दिली, हे अनुमान स्वाभाविक ठरते.

भाषेतही याची खूण सापडते. ‘चा’ हा मूळ चिनी शब्द व्यापाराबरोबर पश्चिमेकडे पसरला. वसई व चौल ही ठाणी हाती असलेल्या पोर्तुगीजांच्या भाषेत तो ‘शा’ झाला, इराणी व हिंदुस्तानी बोलींत ‘चाय’ झाला, तर प्रमाण मराठीत ‘चहा’ आणि ग्रामीण बोलीत ‘च्या’ किंवा ‘चा’ असा स्थिरावला. मराठी माणसाने मात्र हा शब्द उदारपणे वापरला आणि ज्या सुगंधी गवताचा चहाच्या झुडपाशी कोणताही संबंध नाही, त्याला ‘गवती चहा’ असे नाव दिले. न्हाणीघराच्या सांडपाण्यावर, केळीच्या शेजारी वाढणारे हे गवत, ज्याला पाती चहा असेही म्हणतात, कोकणातल्या परसात सहज आढळते. त्याच्या पात्यांतील लिंबासारखा वास सिट्रल या तैलघटकाचा असतो. मुंबईच्या पारशी घरांतही याच गवताचा व पुदिन्याचा चहा रूढ आहे. पत्ती परवडत नसलेल्या घरात नुसत्या गवती चहाला गूळ घालून उकळले की त्यालाही चहाच म्हणत; म्हणजे मराठी मनात ‘चहा’ हा शब्द एका पानापेक्षा उकळून घेतलेल्या गरम, सुगंधी पेयाचा वाचक होता.

चहा घराच्या आत येण्याच्या मार्गात शिवाशिवीचा अडसर मोठा होता, आणि त्याचा विचार केल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही. १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये झालेल्या समारंभात पाद्र्यांनी दिलेला चहा काही प्रतिष्ठित ब्राह्मण गृहस्थांनी घेतला, त्यांत टिळक आणि रानडे यांचीही नावे आली, वृत्तपत्रांतून ती प्रसिद्ध झाली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्तांचा वाद वर्षानुवर्षे चालला. एका पेल्यावरून इतके रण माजावे, यावरून चहा तेव्हा केवढे परके पेय होते ते कळते. सोवळ्याच्या स्वयंपाकघरात चिनी मातीचे कप चालत नसत, म्हणून चहा पितळी फुलपात्रात किंवा वाटीत घेतला जाई. पातेलेही कल्हईचे लागे, कारण कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात चहा कळकतो, म्हणजे धातूचा विषारी अंश उतरून बिघडतो. पुढे चहा उपासालाही चालू लागला, कारण तो धान्य नव्हे, आणि सुंठ व आले यांनाही उपासात मज्जाव नव्हता. एकादशीच्या सकाळी घरातील वृद्ध स्त्रियांना ऊब देणारे पेय म्हणून त्याने स्वयंपाकघरात जे स्थान मिळविले, ते त्यानंतर कधी सोडले नाही. कोणाला कोणत्या भांड्यातून पाणी द्यावयाचे, हा प्रश्न मात्र त्याहून कठोर होता. ज्या कुलाबा जिल्ह्यात पनवेल मोडे, त्याच जिल्ह्यातील महाडला १९ व २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. पाण्याचा हक्क नाकारणाऱ्या समाजात चहाचा हक्कही नाकारला जात होता. महाराष्ट्रातील कित्येक गावांच्या चहाच्या दुकानांत दलितांसाठी वेगळा कप बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेला असे, आणि तो त्यांनाच विसळावा लागे. चहाने माणसे जोडली, असे सहज म्हटले जाते. ही जोडणी किती उशिरा आणि किती लढ्यानंतर झाली, ते या कोनाड्यातल्या कपाने लक्षात ठेवावयास लावले आहे.

पनवेलची वस्ती मुळातच मिश्र होती. बेने इस्रायली या ज्यू समाजाचे बेथ एल सिनेगॉग येथे १८४९ पासून उभे आहे. कोकणी मुसलमान, आगरी, कोळी, ब्राह्मण आणि गुजराती व्यापारी यांची घरे या गावात पिढ्यान्‌पिढ्या नांदली. मांसाहारानंतर दूध वर्ज्य मानणाऱ्या बेने इस्रायली धर्मनियमाप्रमाणे अशा जेवणानंतरचा चहा कोराच, म्हणजे बिनदुधाचा घ्यावा लागतो. आगरी-कोळी वस्त्यांतही कोरा चहा परिचित आहे, परंतु तेथे त्याचे कारण दुधाची टंचाई हे होते. कोकणची गाय थोडे दूध देणारी, त्यातही पहाटे मिठागरावर किंवा मासेमारीला निघणाऱ्याच्या वेळेला ते घरात असेलच असे नाही; तेव्हा गूळ, आले आणि गवती चहा हेच कोऱ्या चहाला चव देणारे आधार ठरले.

विसाव्या शतकात मळेवाल्यांनी देशी बाजारपेठेकडे लक्ष वळविले. १९०३ मध्ये त्यांच्याच मागणीवरून निर्यात चहावर एक कर बसविला गेला आणि त्या पैशातून चहाच्या प्रचाराची समिती चालू लागली. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्या व कारखान्यांतून चहाच्या टपऱ्या उघडल्या गेल्या, आणि जागतिक मंदीत भाव कोसळल्यावर १९३३ च्या आंतरराष्ट्रीय कराराने निर्यातीवर मर्यादा आली तेव्हा उरलेला माल देशातच खपविणे भाग पडले. रेल्वे स्थानकांवर चहा करण्याची ‘शुद्ध’ कृती देशी भाषांत रंगविलेल्या पाट्या लागल्या: ताजे पाणी उकळावे, किटली गरम करून घ्यावी, माणशी एक चमचा पत्ती घालावी, थोडा वेळ मुरू द्यावी, दूध व साखर वरून घ्यावी. पत्ती उकळणे हा प्रचारकांच्या दृष्टीने दोष होता, आणि मसाला तर नुकसानीचाच, कारण मसाल्याने चव आली की पत्ती कमी लागते. लोकांनी पत्ती घेतली आणि पाटीवरची कृती सोडून दिली. याउलट बाजूने गांधीजींनी आपल्या आरोग्यविषयक लेखनात चहातील टॅनिन या तुरट द्रव्याविरुद्ध इशारा दिला होता. पत्ती उकळली की हा तुरटपणा वाढतो हे त्यांचे निरीक्षण योग्यच होते. दुधातील केसीन हे प्रथिन टॅनिनला बांधून ठेवते आणि जिभेवरचा तुरटपणा कमी करते, त्यामुळे भरपूर दूध घालण्याच्या देशी सवयीत त्या दोषावरचा एक उतारा होता.

उकळण्याच्या या सवयीला यंत्राचीही जोड मिळाली. १९३० च्या सुमारास आसामातील अमगुरी मळ्यावर विल्यम मॅककर्चर याने पत्ती चिरडून, फाडून आणि वळवून बारीक दाणे करणारे यंत्र बनविले, आणि स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत सीटीसी नावाने ओळखला जाणारा हा दाणेदार चहा देशभर पसरला. तो थोड्याशा मात्रेतही गडद रंग देतो, दुधापुढे नमत नाही आणि उकळला तरी चालतो. सामान्य घराला नियमित चहा परवडू लागला तो याच दाण्यामुळे. घरातली आगही बदलली. चुलीवर अवेळी चहा ठेवणे म्हणजे लाकडे पेटविण्यापासून सुरुवात. रॉकेलच्या स्टोव्हने, त्याचा पंप व पिन यांची कटकट असूनही, पाहुणा दारात आल्यावर दहा मिनिटांत चहा करता येईल अशी सोय केली, आणि १९५० च्या दशकाच्या मध्याला मुंबईत विक्रीस आलेला गॅस पुढे पनवेलच्या स्वयंपाकघरांतही पोचला. दुधाची अडचण १९७० मध्ये सुरू झालेल्या दूधमहापूर योजनेनंतरच्या काळात हळूहळू सुटली. आजचा दाट, दुधाळ मसाला चहा गेल्या पन्नास-साठ वर्षांत सर्वसामान्य घरांत स्थिरावला, त्यामागे ही तीन कारणे आहेत. कृती मात्र त्या कारणांहून पुष्कळ जुनी.

त्या कृतीतील बारकावे पाहण्यासारखे आहेत, कारण कोणाच्या पुस्तकात न पाहता घराघरांतील स्त्रियांनी ते अनुभवाने ठरविले आहेत. चार कप चहासाठी साधारण अडीच-तीन कप पाण्याचे आधण ठेवले जाते आणि त्यात प्रथम ठेचलेले आले पडते. कच्च्या आल्यात दुधाचे प्रथिन फोडणारा एक पाचक घटक असतो. आले दुधात थेट घातले तर दूध फाटण्याचा धोका, पाण्यात आधी खळखळून उकळले तर उष्णतेने तो घटक निष्प्रभ होतो. आले किसावे की ठेचावे याविषयी घराघरांत मतभेद आहेत. खलबत्त्यात ठेचलेल्या आल्याचा रस एकदम न सुटता सावकाश उतरतो, म्हणून ठेचण्याचा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. गवती चहाची तीन-चार पाती गाठ मारून सोडतात, म्हणजे गाळताना ती सुटत नाहीत. त्यानंतर साखर, मग तीन चमचे पूड, आणि ऊत येऊन रंग उतरल्यावर दीड कप दूध. दूध पडल्यावर एक-दोन ऊत येऊ देणे व आच कमी करून पुन्हा वर आणणे यातच दाटपणाचे रहस्य आहे. वेलची शेवटी कुटून घातली जाते व वर झाकण ठेवले जाते, कारण तिचे सुगंधी तेल उडून जाणारे असते आणि पहिल्यापासून उकळल्यास सुगंध पातेल्याऐवजी घरभर पसरतो. गुळाच्या चहाची रीत निराळी आहे; गुळातील आम्लता व क्षार यांमुळे उकळते दूध नासते, म्हणून गूळ आधी पाण्यात विरघळवून, चहा उकळून, पातेले खाली उतरवून मगच वेगळे तापविलेले दूध त्यात मिसळावे लागते.

ताजे आले नसेल तेव्हा मसाल्याची पूड उपयोगी पडते, आणि तिच्यात सुंठीला पहिला मान असतो. आले वाळते तेव्हा त्यातील जिंजेरॉल या द्रव्याचे काही अंशी शोगाओलमध्ये रूपांतर होते व तिखटपणा वाढतो. सुंठ आल्याहून उष्ण, हे वैद्यांचे जुने मत यामुळे रसायनशास्त्रालाही मान्य होण्यासारखे आहे. सुंठीखालोखाल वेलची, नंतर दालचिनी व मिरी, चवीपुरती लवंग आणि किंचित जायफळ, असे प्रमाण सामान्यतः धरतात. यांपैकी मिरी, दालचिनी व जायफळ कोकणातच पिकतात. नारळ-सुपारीच्या बागांत ही आंतरपिके घ्यावीत म्हणून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने दालचिनीची ‘कोकण तेज’ आणि जायफळाची ‘कोकण सुगंधा’ या जाती विकसित केल्या आहेत. वेलची मात्र दक्षिणेकडील सह्याद्रीतून येते आणि नेहमीच महाग असते. त्यामुळे रोजच्या चहात आले आणि पाहुण्यांच्या चहात वेलची, असा संकेत पाळणारी घरे अजून आहेत. बाजारात तयार चहा मसाल्याच्या पुड्या सर्वत्र मिळत असूनही घरी कुटलेल्या मसाल्याचा डबा मागे पडलेला नाही, ही समाधानाची बाब आहे.

विसाव्या शतकात मोटारी आल्या आणि जुनी मुंबई-पुणे वाट पुन्हा पनवेलवरून वाहू लागली. तिच्या दोन टोकांना चहाच्या दोन परंपरा होत्या: मुंबईकडे इराण्यांचा मसालाविरहित, दुधाळ चहा आणि पुण्याकडे राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी चालविलेली ‘अमृततुल्य’ दुकाने, जेथे पितळी पातेल्यात आले-वेलची कुटून घातलेला चहा सतत उकळत असे. पनवेलच्या घरांचा ओढा निःसंशय दुसऱ्या बाजूस राहिला. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नव्या पनवेलची वसाहत उभारली, पुढे कोकण रेल्वेने आणि उपनगरी गाड्यांनी घाट, मराठवाडा, विदर्भ व परप्रांत येथील माणसे आणली, आणि त्यांच्याबरोबर बडीशेप घातलेला, तुळशीचा, नुसत्या वेलचीचा असे चहाचे इतर प्रकारही गावात रुजले. परसाची जागा सज्जाने घेतली तरी गवती चहाने ती सोडली नाही. मोडक्या बादलीत किंवा रंगाच्या रिकाम्या डब्यात तो लावलेला दिसतो. ज्यांच्याकडे तीही सोय नाही, त्यांच्यासाठी मृग लागला की आसपासच्या गावांतल्या बायका पनवेलच्या बाजारात गवती चहाच्या जुड्या घेऊन बसतात, आणि जुडीबरोबर ओल्या मातीचे आल्याचे दोन-चार तुकडेही पुढे करतात.